वरचे उत्तर आणि खालचा न्याय

(इंदूर शहरातील अन्नपूर्णा भागात मराठी भाषिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. व्याख्यानाचा विषय ज्या दाव्याभोवती फिरतो तो दावा बेळगावच्या न्यायालयात उभा राहिलेला असल्याने सीमाभागातील वाचकांसाठी तो येथे देत आहोत.)



वाटणीच्या दाव्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही असे मराठी घराणे विरळाच. आज मी ज्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणार आहे तो दिसावयास वकिलांच्या ग्रंथालयातला आहे. पण त्याचा शेवट शेताच्या बांधावर होतो. प्रश्न असा : खालच्या न्यायालयापुढील खटल्यातला कायद्याचा एखादा मुद्दा वरिष्ठ न्यायालयाकडे विचारार्थ जातो आणि तेथून त्याचे उत्तर येते. ते उत्तर हाती आल्यावर खालच्या न्यायालयाने काय करावयाचे असते? आणि उत्तर येईपर्यंत त्याने काय करावयाचे असते?

मुद्दा असा वर पाठविण्याला कायद्याच्या भाषेत ‘निर्देश’ म्हणतात. वकील मंडळी इंग्रजी अमदानीपासून त्याला ‘रेफरन्स’ म्हणत आली आहेत. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात खालचे न्यायालय उच्च न्यायालयास प्रश्न विचारते. दुसऱ्या प्रकारात उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयातीलच लहान पीठ, आधीच्या निवाड्यांत मतभेद दिसल्यास, तो प्रश्न अधिक न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविते. (महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नावर जो दावा दाखल केला, तो राज्यघटनेच्या १३१ व्या अनुच्छेदाखालील मूळ दावा होय. तो या दोहोंपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही. म्हणून आज त्याची चर्चा करीत नाही.)

पहिला प्रकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ मध्ये आणि आदेश ४६ मध्ये सांगितलेला आहे. ज्या खटल्याच्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही, त्यात कायद्याचा अथवा कायद्याइतकाच बळ असलेल्या रूढीचा प्रश्न निघाला आणि न्यायाधीशाच्या मनात वाजवी शंका उत्पन्न झाली, तर त्याने खटल्याची हकीकत लिहावी, शंकेचा मुद्दा मांडावा, आणि त्यावर स्वतःचे मत नोंदवून मग तो उच्च न्यायालयाकडे पाठवावा. हे ‘स्वतःचे मत’ फार महत्त्वाचे आहे. खालचा न्यायाधीश हा टपाल पोहोचविणारा शिपाई नव्हे. आपण विचार करून पाहिला, कोठे अडलो, आणि का अडलो, हे त्याने सांगितले पाहिजे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. १९५१ साली या कलमात आणखी एक भर पडली. एखादा अधिनियमच घटनाबाह्य आहे असे न्यायाधीशाचे मत झाले, वरिष्ठ न्यायालयाने तसे अद्याप ठरविलेले नसले, आणि त्या प्रश्नाखेरीज खटला निकालात निघत नसला, तर तो प्रश्न वर पाठविणे त्याला बंधनकारक झाले.

उत्तर आल्यावर काय करावयाचे तेही आदेश ४६ मध्ये स्पष्ट आहे. उच्च न्यायालयाच्या निर्णयाची प्रत प्रबंधकाच्या सहीने खालच्या न्यायालयाकडे येते, आणि त्या न्यायालयाने त्या निर्णयाला अनुसरून खटला निकालात काढावयाचा असतो. फौजदारी बाजूसही हीच रीत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलमे ४३६ आणि ४३७ मध्ये आली आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वरचे न्यायालय प्रश्नाचे उत्तर देते. खटला निकालात काढतो तो खालचा न्यायाधीशच. आडाला पाणी लागले म्हणून घरातली घागर आपोआप भरत नाही. ती कोणीतरी भरून आणावीच लागते.

आता हे सारे एका खऱ्या दाव्यावरून पाहू. १९९२ साली बेळगावच्या दिवाणी न्यायालयात एका कन्येने वडिलांच्या घरच्या मिळकतीत वाटणी मागितली. वडील १९८८ सालीच निवर्तले होते. ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या नावाने हा दावा पुढे साऱ्या देशास ठाऊक झाला. दावा चालू असताना कायदा बदलला. मिताक्षरा पद्धतीच्या हिंदू एकत्र कुटुंबात मुलगा जन्मतःच सहदायाद होई. मुलगी होत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम ६ बदलले, आणि मुलगीही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद ठरली.

येथे इंदूरकरांना आणि सीमाबांधवांना एक इतिहास आठवावा लागेल. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि आपले इंदूर मध्य भारतातून मध्य प्रदेशात गेले. बेळगावच्या न्यायालयांवर मुंबईऐवजी म्हैसूरच्या उच्च न्यायालयाची सत्ता आली. इंदूरची न्यायालये मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाखाली आली. राज्ये वेगळी झाली की कायदेही वेगळे होतात. महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने १९९४ साली आपापल्या दुरुस्त्या करून मुलींना सहदायाद केले, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना दोन्ही राज्यांनी वगळले. मध्य प्रदेशाने अशी दुरुस्ती केलीच नाही. एकाच घराण्याच्या तीन शाखा कोल्हापूर, बेळगाव आणि इंदूर येथे नांदत असतील, तर इंदूरच्या लेकीला २००५ पर्यंत थांबावे लागले, आणि कोल्हापूर-बेळगावच्या ज्या लेकी १९९४ पूर्वी सासरी गेल्या होत्या त्यांनाही तेव्हापर्यंतच थांबावे लागले.

यात काय पणाला लागले होते ते साध्या हिशेबाने पाहा. वडिलोपार्जित नऊ एकर जमीन आहे. आई आधीच वारली आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. जुन्या कायद्याने वडील व दोन मुलगे यांचे तीन वाटे पडत, आणि वडिलांच्या तीन एकरांतून मुलीला तिसरा हिस्सा मिळे. म्हणजे मुलीला एक एकर, आणि प्रत्येक मुलाला चार एकर. नव्या कायद्याने तिघांनाही प्रत्येकी तीन एकर. एक की तीन, हा प्रश्न होता. वकिलाच्या लेखी तो कलमाच्या अर्थाचा वाद असेल. त्या बाईच्या लेखी तो दोन एकर जमिनीचा होता.

वाद उभा राहिला तो एका शंकेवरून. वडील ९ सप्टेंबर २००५ पूर्वीच वारले असतील तर मुलीला नव्या कायद्याचा लाभ मिळावा काय? बेळगावच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सांगितले की, त्या दिवशी वडीलही हयात पाहिजेत आणि मुलगीही. पुढे १ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘दानम्मा’ खटल्यात, जो कर्नाटकातूनच आला होता, दोन न्यायाधीशांच्या दुसऱ्या पीठाने वडील २००१ साली वारलेले असतानाही मुलींना समान वाटा दिला. दोन्ही पीठे सारख्याच संख्येची. दोन्ही निवाडे सर्वोच्च न्यायालयाचे. तालुक्याच्या न्यायाधीशाने कोणता धरावा?

या अडचणीवर मध्य प्रदेशात आधीच एक उत्तर मिळालेले होते, आणि तेही निर्देशावरच मिळालेले होते. ‘जबलपूर बस ऑपरेटर्स असोसिएशन’ या खटल्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पूर्णपीठाने सांगितले की, सर्वोच्च न्यायालयाच्या समान संख्येच्या दोन पीठांत विरोध आला तर आधीचा निवाडा बंधनकारक समजावा. मात्र नंतरच्या पीठाने आधीच्या निवाड्याचा अर्थ उलगडून सांगितला असेल तर नंतरचा धरावा. याचा अर्थ असा की इंदूरच्या जिल्हा न्यायालयातील न्यायाधीशाला आवडीचा निवाडा निवडण्याची मुभा नव्हती. दोन्ही निवाडे समोर ठेवून, नंतरच्याने आधीच्याचा उलगडा केला आहे की नुसताच उल्लेख करून तो पुढे गेला आहे, हे त्याने तपासावयाचे होते. २०१७ साली ‘प्रणय सेठी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानेही समान संख्येच्या आधीच्या निवाड्याचे बंधन सांगितले.

या पेचात दिल्ली उच्च न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी जे केले ते कोणत्याही न्यायालयाने गिरवावे असे आहे. ‘विनीता शर्मा’ यांचे वडील १९९९ साली वारले होते. २०१५ चा निवाडा आपल्यावर बंधनकारक आहे असे म्हणून न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. पण निवाड्यांतील विरोध उघड दिसत असल्याने सर्वोच्च न्यायालयात जाण्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही त्यांना दिले. कायदा पाळला, आणि कायद्यातली अडचण वर नेण्याचा दरवाजाही उघडा ठेवला. त्याच दरवाजातून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला.

प्रश्न मोठ्या पीठापुढे असताना खालच्या न्यायालयांनी हात बांधून बसावे काय? पुष्कळ ठिकाणी असेच होते. ‘मुद्दा वर प्रलंबित आहे’ एवढे एक वाक्य पुरते, आणि तारखेमागून तारीख पडत जाते. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला हे वाक्य गोड लागते. जिला वाटा हवा आहे तिचे आयुष्य त्यात सरते. २०२३ साली लडाखसंबंधीच्या एका निवडणूक-प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या सवयीवर स्पष्ट बोट ठेवले. एखादा निवाडा मोठ्या पीठाकडे फेरविचारार्थ गेला आहे एवढ्यावरून तो निर्बल होत नाही; सर्वोच्च न्यायालयाने विशेष आज्ञा केलेली नसेल तर उच्च न्यायालयांनी प्रचलित कायद्याप्रमाणे निकाल द्यावा, उत्तराची वाट पाहत बसू नये, असा त्याचा आशय आहे. उच्च न्यायालयांना जे लागू ते खालच्यांना अधिकच लागू. आदेश ४६ तर याहून जुना मार्ग दाखवितो. निर्देश केल्यावर न्यायाधीशाने काम थांबवावे, अथवा उत्तरावर अवलंबून राहील असा हुकूमनामा द्यावा. मात्र उत्तराची प्रत येईपर्यंत त्याची बजावणी होऊ द्यावयाची नाही. १९०८ सालच्या कायदा करणारांनाही थांबण्याची किंमत ठाऊक होती, असे यावरून दिसते.

उत्तर आले ते ११ ऑगस्ट २०२० रोजी. तीन न्यायाधीशांच्या पीठाने ‘विनीता शर्मा’ खटल्यात सांगितले की, मुलीचा हक्क जन्माचा आहे. म्हणून ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही. बेळगावच्या दाव्यातील २०१५ चे मत पुसले गेले. पीठाने मूळ अपिले स्वतः निकालात काढली नाहीत. निर्देशाचे उत्तर देऊन गुणदोषांवर निर्णयासाठी ती योग्य पीठापुढे ठेवण्यास सांगितले. आणि एक विनंती केली : परस्परविरोधी निवाड्यांमुळे आधीच उशीर झाला आहे, तेव्हा देशभरातील उच्च व दुय्यम न्यायालयांत पडून असलेली अशी प्रकरणे शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढावीत.

आता खालच्या न्यायाधीशाच्या खऱ्या कामास आरंभ होतो, आणि माझ्या व्याख्यानाचा गाभा येथेच आहे. ते काम तीन प्रकारचे आहे.

पहिले, आलेला कायदा निमूटपणे मान्य करणे. राज्यघटनेच्या १४१ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. ‘आमच्या भागाची चाल वेगळी’, ‘मुलीच्या लग्नात खर्च केलाच होता’, असले युक्तिवाद पूर्वी कितीही चालत आलेले असोत, वाट्याच्या प्रश्नावर त्यांना आता जागा नाही.

दुसरे, वस्तुस्थिती स्वतः शोधणे. वरच्या न्यायालयाने सांगितले की मुलीला समान वाटा आहे; पण या घरात वाटप आधीच झाले होते की नाही, हे दिल्लीत बसून कोणी सांगू शकत नाही. कायद्याने २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी, विक्री अथवा मृत्युपत्राची व्यवस्था कायम ठेवली आहे. वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा, असेही कलमात म्हटले आहे. भावांचा नेहमीचा बचाव असतो तो तोंडी वाटणीचा : ‘बाबांनी फार पूर्वीच बोलून वाटून दिले होते.’ अशी वाटणी सहसा मानू नये, केवळ अपवाद म्हणून, सार्वजनिक कागदपत्रांचा भरभक्कम आधार असेल तरच मानावी, असा दंडक विनीता शर्मा खटल्याने घालून दिला आहे. पण कागद खरे की मागाहून रंगविलेले, दप्तरातील नोंद कोणत्या वर्षाची, कसणारा कोण, सारा कोणी भरला, बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली ती समजून की वाचून न दाखविता घेतली गेली, हे सारे साक्षीपुराव्याने ठरविणे हे तालुक्याच्या न्यायाधीशाचेच काम आहे. येथे तो हयगय करील, तर वरचे उत्तर कितीही न्याय्य असो, त्या घरात अन्यायच होईल.

तिसरे, खटला कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहणे. वाटणीच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात वाटे ठरतात; नंतर अंतिम हुकूमनामा होतो, त्यात प्रत्यक्ष जमीन वाटली जाते. प्राथमिक हुकूमनामा झालेला असला तरी अंतिम हुकूमनाम्याचे काम किंवा अपील चालू असेल तर मुलीला नव्या कायद्याप्रमाणे वाटा द्यावा, असे २०२० च्या निवाड्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु ज्या दाव्याचा सर्वस्वी शेवट झाला, अपिलाची मुदतही सरली, तो मात्र पुन्हा उघडत नाही. कायद्याच्या प्रश्नावरील एखादा निवाडा पुढे दुसऱ्या खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने फिरविला, एवढे कारण पुनर्विलोकनाला पुरत नाही, असे आदेश ४७ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने घातलेल्या स्पष्टीकरणात सांगितले आहे.

हा नियम कठोर आहे, हे मी लपवू इच्छित नाही. २०१५ चा निवाडा प्रमाण मानून जिचा दावा २०१७ साली कायमचा फेटाळला गेला, आणि जिने थकून अपील केले नाही, तिला २०२० च्या उत्तराचा उपयोग नाही. तिच्या शेजारणीचा दावा केवळ रेंगाळला म्हणून तिला तीन एकर मिळाले. हिला एकावर समाधान मानावे लागले. पण अंतिम झालेले सगळे निकाल प्रत्येक नव्या निवाड्यागणिक उघडू लागले, तर कोणत्याच शेताचा बांध स्थिर राहणार नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच मतभेद दिसताच प्रश्न वर नेणे आणि वरच्यांनी तो लवकर सोडविणे, याला एवढे मोल आहे. २०१५ ते २०२० या पाच वर्षांत जे निकाल कायम झाले, त्यांची किंमत कोणत्याही पीठाने भरून दिली नाही, आणि ती भरून देता येणारही नाही.

काही जण म्हणतात की, वरून उत्तर आले की खालच्या न्यायाधीशास विचार करण्यासारखे उरते काय? साचा आला, त्यात ओतावयाचे. मला हे मान्य नाही. कायदा वरून एकच येतो, पण घरे हजार असतात. चुलीवर शिजलेले अन्न सारखेच असले तरी पंगतीत कोणाच्या पानात काय पडले नाही हे वाढणाऱ्यालाच दिसते. अन्नपूर्णेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागात हे मी अधिक सांगावयास नको. न्यायाधीशाला आपले मत वरच्या उत्तराविरुद्ध चालविता येत नाही. पण त्या उत्तराचा नेमका विस्तार किती, प्रश्न कोणता विचारला होता आणि कोणता विचारलाच नव्हता, हे त्यालाच ओळखावे लागते. विचारलेल्या प्रश्नापलीकडे उत्तर ताणणे हा दोष, आणि विचारलेल्या प्रश्नापुरतेही ते न मानणे हा त्याहून मोठा दोष.

हुकूमनामा झाला म्हणजेही सारे संपले असे नाही. सरकारसारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत व्हावयाची असते. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर जिल्हा न्यायालयातून कचेरीत आणि कचेरीतून मोजणीदाराच्या हाती जाते. या वाटेवर कोणत्याही मुक्कामी ते अडून राहू शकते.

म्हणून माझे सांगणे तीन प्रकारच्या माणसांना आहे. वकील बांधवांनी पक्षकाराला निवाड्याचे नुसते नाव न सांगता आपला दावा कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्या टप्प्याला उत्तर कसे लागते, हे त्याच्या भाषेत समजावून द्यावे. बेळगाव, निपाणी, खानापूर येथील ज्या भगिनींची प्रकरणे अजून चालू असतील त्यांनी ‘मुद्दा वर आहे’ हे वाक्य यापुढे ऐकून घेऊ नये. या मुद्द्याचे उत्तर २०२० सालीच आलेले आहे. आणि भावांना एवढेच सांगावयाचे की, भाषेच्या नावाने न्याय मागणाऱ्या समाजाने घरच्या लेकीचा न्याय नाकारणे शोभत नाही. आपण वरच्या न्यायासनाकडे ज्या श्रद्धेने पाहतो, त्याच श्रद्धेने त्याचे उत्तर आपल्याविरुद्ध गेले तरी मान्य केले पाहिजे.

कायद्याचा प्रश्न दिल्लीत सुटला. आता तो प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात वाचला जावा, पुराव्याशी ताडून पाहिला जावा, आणि निवाड्यात लिहिलेला वाटा मोजणीच्या साखळीने जमिनीवर उतरावा. तोवर बहिणीच्या पदरी पडलेला न्याय कागदावरचाच राहील.